सर्पगंधेचे डॉक्टर : रुस्तम जाल वकील

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ साली झाला. मुंबईचे पारशी. हे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते आबाजींच्या दुखण्यामुळे.

मागच्या दिवाळीनंतर आम्ही आबाजींना नागपूरला रामदासपेठेत नेले. तिथे दवाखानेच दवाखाने आहेत. आबाजींना बांध चढताना दम लागायचा. कापूस वेचणीच्या धांदलीत त्यांनी बीपीच्या गोळ्या सोडल्या होत्या, कारण दुखत तर काहीच नव्हतं! कार्डिओग्राम काढला, मग मशीनवर हृदयाचे चित्र पाहिले. हृदय दाबले जाते बरोबर, पण सैल पडायला वेळ लावते, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला नवल वाटले. सैल पडणे हेही काम असते का?

शाळेत गुरुजींनी समजावले. प्रत्येक ठोक्याआधी हृदयातून बारीकशी वीज धावते, त्यासरशी हृदय आवळते. वीज ओसरली की ते सैल पडते आणि तेव्हाच त्यात रक्त भरते. चांगली रक्तवाहिनी सायकलच्या नव्या ट्यूबसारखी ताणते. बीपी वर्षानुवर्षे वाढलेले राहिले की ती ताठर होते. मग हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, त्याची भिंत जाड होते, आणि जाड भिंत लवकर सैल पडत नाही. रक्त नीट भरत नाही, मागे फुप्फुसाकडे दाब वाढतो, म्हणून दम. जाड भिंतीच्या विजेच्या रेघा कार्डिओग्रामवर पुष्कळदा उंच दिसतात. सैल पडणे मात्र चित्राच्या मशीनवर कळते.

आता वकिलांकडे वळू. ते लंडनला डॉक्टरी शिकले आणि मुंबईला परतून के.ई.एम. रुग्णालयात काम करू लागले. त्या काळी बीपीवर धड औषध नव्हते. विश्रांती घ्या, मीठ सोडा, नाहीतर नसा कापण्याचे मोठे ऑपरेशन. आपल्याकडे मात्र सर्पगंधेची मुळी जुन्या काळापासून वैद्य लोक वेडावर आणि साप चावल्यावर देत. तिने बीपी उतरते हे कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी १९३१ मध्ये लिहिले होते. पण बाहेर कोणी फारसे लक्ष दिले नाही. वकिलांनी ५० रोग्यांना ती दिली, आधी आणि नंतर बीपी मोजून नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात छापल्या. मला यातली मोजण्याची गोष्ट सगळ्यांत आवडली. मुळी तर सगळ्यांजवळ होती!

मग अमेरिकेतही ती वापरू लागले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडात तिच्यातून रिसर्पिन हे औषध वेगळे काढले गेले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा मोठा लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ साली पद्मभूषण. १९७४ मध्ये ते वारले.

रिसर्पिनने काही रोगी उदास होत, म्हणून आता ते फारसे देत नाहीत. आबाजींच्या गोळ्या निराळ्या आहेत. रोज रात्री जेवणानंतर मी त्या मोजून देतो आणि वहीत खूण करतो. कार्डिओग्रामची पट्टी खाली चिकटवली आहे. तिच्यावरचं नाव आईने कापून घेतलं.

— इयत्ता सातवी