पालवणकर बाळू : ज्यांच्या गोलंदाजीवर मुंबई फिदा होती, त्यांना कर्णधारपद मिळालं ते निरोपाच्या सामन्यात, तेही काही वेळापुरतं

16 नोव्हेंबर 2013. वानखेडे स्टेडियमवर सचिन तेंडुलकर शेवटचं बोलले, खेळपट्टीला हात लावून नमस्कार केला आणि टीव्हीसमोर बसलेला अख्खा देश रडला. आवडत्या खेळाडूला निरोप कसा द्यायचा, हे आपल्या पिढीला त्या दिवशी समजलं.

वानखेडेपासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर बॉम्बे जिमखान्याचं मैदान आहे. या घटनेच्या 93 वर्षं आधी, 1920 च्या डिसेंबरमध्ये मुंबईचा आणखी एक लाडका खेळाडू आपला शेवटचा मोठा सामना खेळला. तेव्हा टीव्ही नव्हता आणि निरोपाचं भाषणही झालं नाही. तो सामना खेळायला मिळावा म्हणून त्यांच्या दोन धाकट्या भावांना मात्र आधी बंड करावं लागलं होतं.

त्या खेळाडूचं नाव पालवणकर बाळू. भारतीय क्रिकेटमधले पहिले मोठे फिरकी गोलंदाज आणि पहिले दलित सुपरस्टार.

महिना तीन रुपयांची नोकरी

पालवणकर कुटुंब मूळचं कोकणातलं, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवण गावचं. गावावरूनच आडनाव पडलं. समाज चांभार, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानला गेलेला. बाळू यांचा जन्म धारवाडचा, बहुतेक नोंदींनुसार 1876 सालचा. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे बाळू यांचं लहानपण पुण्यात गेलं. ब्रिटिश अधिकारी खेळून झालं की जुनी बॅट-बॉल टाकून देत. लष्करी वस्तीतली पोरं त्याच सामानावर क्रिकेट शिकली. बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम, विठ्ठल आणि गणपत ही त्यातलीच पोरं.

घरची परिस्थिती बेताची. थोरल्या बाळू यांनी लवकरच काम धरलं. पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबमध्ये मैदान झाडायचं आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिन्याला तीन रुपये. पुढे 1892 च्या सुमाराला ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबमध्ये लागले. पगार एक रुपयाने वाढला आणि कामंही वाढली. रोलर फिरवा, रेषा आखा, नेट बांधा, टेनिस कोर्ट सांभाळा.

तिथेच कुणा साहेबाने एक दिवस या पोराला सरावासाठी चेंडू टाकायला सांगितलं. डावखुरी, संथ फिरकी. चेंडू कधी बाहेर वळायचा, कधी आत यायचा, कधी सरळच जायचा. क्लबमधले जे. जी. ग्रेग हे त्या काळातले नावाजलेले फलंदाज. ते रोज इतरांच्या आधी येऊन बाळू यांच्या गोलंदाजीवर सराव करू लागले. बाळू यांनी आऊट केलं की ग्रेग त्यांना आठ आणे देत, असा किस्सा आजही सांगितला जातो.

बाळू यांनी या साहेबांना नेटमध्ये हजारो चेंडू टाकले असतील. पण त्यांच्या हातात बॅट कुणी दिली नाही. बॅटिंग साहेबांनी करायची आणि नोकराने बॉलिंग, असा तो हिशेब होता.

मैदानात एकत्र, चहाला वेगळे

पूना क्लबमधल्या या गोलंदाजाची बातमी पुण्यातल्या हिंदू क्रिकेट क्लबपर्यंत पोहोचली. गोऱ्यांना हरवायचं असेल तर असा गोलंदाज हवाच. पण तो अस्पृश्य, मग त्याला संघात घ्यायचं कसं? बराच वाद झाला. अखेर जिंकण्याची इच्छा वरचढ ठरली आणि बाळू संघात आले.

मैदानात काही अडचण नव्हती. बाळू यांच्या हातातून आलेला चेंडू सगळेच झेलत होते. खरा प्रश्न मध्यंतराला यायचा. संघातले बाकीचे खेळाडू आत कपातून चहा प्यायचे. बाळू यांना मात्र बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. जेवणाचं ताटही वेगळं आणि जागाही वेगळी.

बाळू विकेट काढत राहिले. पुण्याच्या सुधारक मंडळींना ही विसंगती खटकायला लागली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळू यांचा जाहीर सत्कार केला. ज्याच्यासोबत खेळता, त्याच्यासोबत बसून जेवायला काय हरकत आहे, असा त्यांचा सवाल होता. चहाच्या भांड्यापासून सुरू झालेला हा प्रश्न पुढे पंचवीस वर्षं बाळू यांच्या मागे राहणार होता. फक्त त्याचं रूप बदललं.

प्लेग, मुंबई आणि 1906 चा विजय

1896-97 च्या प्लेगच्या काळात बाळू पुणे सोडून मुंबईला आले. पुढे बी.बी.सी.आय. रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वसुरीत, नोकरी लागली. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशावरून कुरबुर झाली, पण त्यांच्या गोलंदाजीपुढे विरोध टिकला नाही.

आता त्या काळचं क्रिकेट थोडक्यात समजून घेऊया. तेव्हा आयपीएल नव्हती, रणजी करंडक नव्हता, भारताचा कसोटी संघही नव्हता. मुंबईतले संघ धर्मावर ठरायचे. आधी युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने होत. हिंदू संघ आल्यावर 1907 पासून ते तिरंगी झाले आणि 1912 मध्ये मुस्लीम संघ आल्यावर चौरंगी. मैदानाभोवती तंबू लागायचे आणि झाडांवर चढूनही लोक सामना बघायचे.

1906 साली हिंदू संघ युरोपियन संघाविरुद्ध उतरला. हिंदूंनी 242 आणि 160 धावा केल्या. युरोपियन संघ 191 आणि 102 धावांत गारद झाला. हिंदू 109 धावांनी जिंकले. बाळू यांची फिरकी गोऱ्या फलंदाजांना झेपली नाही. या संघात त्यांचे धाकटे भाऊ शिवरामही होते.

बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ पेटलेली असताना हा विजय मिळाला होता. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवलं होतं आणि त्यात ज्याला विहिरीवर पाणी भरू दिलं जात नाही अशा समाजातल्या माणसाचा मोठा वाटा होता. जातपात बाजूला ठेवली तर काय घडू शकतं, याचं उदाहरण म्हणून वर्तमानपत्रांनी या सामन्याकडे पाहिलं.

इंग्लंडमध्ये एकहाती लढत

1911 मध्ये पतियाळाच्या महाराजा भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू आणि मुस्लीम खेळाडू असलेला हा पहिला अखिल भारतीय संघ. संघाची कामगिरी यथातथाच झाली. प्रथम श्रेणीच्या 14 सामन्यांपैकी 10 गमावले आणि 2 जिंकले.

बाळू यांनी मात्र प्रथम श्रेणीत 75 बळी घेतले, तेही साधारण 20 च्या सरासरीने. सगळे सामने धरले तर आकडा 114 वर जातो. वय पस्तिशीत, खांदा दुखावलेला आणि हवामान अनोळखी. तरीही ते षटकामागून षटकं टाकत राहिले. लेस्टरशायरवरच्या विजयात त्यांचा वाटा मोठा होता. सॉमरसेटला हरवताना शिवराम यांनी शतक ठोकलं.

मुंबईला परतल्यावर दलित समाजाने बाळू यांचा सत्कार केला. या सत्काराचं मानपत्र तयार करण्यात एका तरुण विद्यार्थ्याचा हात होता असं सांगितलं जातं. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. त्या काळी दलित तरुणांना अभिमानाने सांगता येतील अशी सार्वजनिक जीवनातली नावं फार थोडी होती. बाळू हे त्यातलं सर्वात मोठं नाव होतं.

सगळं दिलं, कर्णधारपद नाही

1911 नंतर बाळू हिंदू संघातले सर्वात अनुभवी आणि सर्वात यशस्वी खेळाडू होते. त्यामुळे कर्णधारपद त्यांच्याकडे येणं साहजिक होतं. पण तेव्हा कर्णधार म्हणजे फक्त मैदानावरचा नेता नव्हता. तो समाजाचा प्रतिनिधी. मेजवानीत मानाच्या जागी तो बसणार, गव्हर्नरांशी हस्तांदोलन तो करणार आणि उच्चवर्णीय खेळाडू त्याचे आदेश पाळणार.

निवड समितीला हे पचत नव्हतं. दरवर्षी चाहते मागणी करायचे, वर्तमानपत्रांतून पत्रं छापून यायची आणि दरवर्षी दुसराच कर्णधार व्हायचा. त्यातल्या एकाने, एम. डी. पै यांनी, हा मान बाळू यांचा होता असं जाहीरपणे कबूल केलं. समितीची भूमिका तरीही बदलली नाही.

चहा आता आत मिळू लागला होता, कपातून मिळू लागला होता. खुर्ची मात्र मिळत नव्हती.

1920 : भावांचं बंड आणि शेवटचा सामना

1920 मध्ये बाळू यांचं वय चाळिशीच्या पुढे गेलं होतं. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांच्या सुरुवातीला त्यांना संघातून वगळण्यात आलं. कर्णधार पै आजारी पडले. त्यांच्या जागी दि. ब. देवधर यांची निवड झाली. देवधर उत्तम फलंदाज होते, पुढे त्यांच्या नावाने स्पर्धाही सुरू झाली. पण तेव्हा ते विठ्ठल पालवणकरांना ज्युनिअर होते.

आधी थोरल्या भावाला डावललं, आता धाकट्यालाही तेच. शिवराम आणि विठ्ठल दोघेही संघातून बाहेर पडले. त्यांनी जाहीर निवेदन काढलं आणि हा अन्याय जातीमुळे होतोय हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. स्टार खेळाडूंनी भेदभावाविरोधात सामन्यावर बहिष्कार टाकण्याची आपल्याकडची ही फार जुनी घटना आहे. चाहत्यांमध्ये खळबळ उडाली आणि जनमत पालवणकर बंधूंच्या बाजूने झुकलं.

पारशी संघाविरुद्धच्या पुढच्या सामन्यापूर्वी तडजोड झाली. पै बरे होऊन परतले, दोघे भाऊ संघात आले आणि बाळू यांना उपकर्णधार करण्यात आलं. सामना सुरू असताना पै मैदानाबाहेर गेले आणि त्या वेळात हिंदू संघाचं नेतृत्व बाळू यांनी केलं.

मैदान झाडण्यापासून सुरुवात केलेल्या माणसाने सगळ्या मैदानासमोर क्षेत्ररक्षण लावलं. जवळपास पंचवीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते काही वेळापुरतं हातात आलं. बाळू यांचा निरोप म्हणायचा तर हाच. या मोसमानंतर ते प्रथम श्रेणीचे सामने खेळले नाहीत. 33 सामने, 179 बळी, सरासरी 15.21 अशी त्यांची नोंद झाली.

बंडाचं फळ तीन वर्षांनी मिळालं. 1923 मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि अंतिम सामन्यात युरोपियन संघ हरला. चाहत्यांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतलं. त्या गर्दीत सवर्णही होते आणि आपण कुणाला शिवतोय याचा विचार कुणी केला नाही. विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ या मराठी आत्मचरित्रात आपली वाटचाल लिहून ठेवली आहे.

हिरो आणि चाहता आमनेसामने

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात आले. 1932 मध्ये दलितांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत का, यावरून महात्मा गांधी आणि डॉ. आंबेडकर यांच्यात तीव्र मतभेद झाले. बाळू यांनी संयुक्त मतदारसंघाची बाजू घेतली. पुणे करारावर त्यांचीही सही आहे.

1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत डॉ. आंबेडकरांविरोधात बाळू यांना उभं केलं. आंबेडकरांना 13,245 मतं मिळाली आणि बाळू यांना 11,225. एकेकाळी ज्यांचा गौरव केला, त्यांनाच आंबेडकरांनी हरवलं. मतदारांचीही पंचाईत झाली असणार. एकीकडे तरुणपणीचा हिरो, दुसरीकडे हक्कांसाठी लढणारा नेता.

बाळू यांचं नाव पुढे मागे पडण्याचं हेही एक कारण मानता येईल. क्रिकेटच्या इतिहासात धर्मावर आधारलेल्या सामन्यांचा काळ झाकला गेला आणि दलित चळवळीच्या इतिहासात बाळू समोरच्या बाजूला उभे दिसले. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

निरोप उशिरा देता येतो का?

अमेरिकेत बेसबॉलचं उदाहरण आहे. 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन हे आधुनिक मेजर लीगमध्ये खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. 1956 च्या मोसमानंतर त्यांच्या संघाने त्यांना प्रतिस्पर्धी संघाकडे देऊन टाकलं. रॉबिन्सन तिकडे गेलेच नाहीत, त्यांनी खेळ सोडला. निरोपाचा सामना त्यांनाही मिळाला नाही. पण बेसबॉलने ती चूक नंतर दुरुस्त केली. 1997 मध्ये त्यांचा 42 हा नंबर सगळ्या संघांतून निवृत्त करण्यात आला. आता दरवर्षी 15 एप्रिलला लीगमधला प्रत्येक खेळाडू 42 नंबरची जर्सी घालून उतरतो.

आपल्याकडे ही तारीख आंबेडकर जयंतीच्या दुसऱ्या दिवशी येते आणि तेव्हा आयपीएल ऐन भरात असते. रॉबिन्सन यांच्या 41 वर्षं आधी पालवणकर बाळू यांनी मुंबईच्या मैदानात गोऱ्यांना हरवलं होतं. त्यांच्या जर्सीला नंबर नव्हता, त्यामुळे तो निवृत्त करता येणार नाही. त्यांचं नाव घेणं मात्र अजूनही आपल्या हातात आहे.