संत पॉलिकार्प, स्मिर्नाचे बिशप

फेब्रुवारी महिन्याच्या २३ व्या तारखेस ख्रिस्तसभा ज्या वृद्ध हुतात्म्याचा सण पाळते, त्यांचें नांव आमच्या पुष्कळ धर्मबांधवांनीं ऐकलें असेल. चरित्र मात्र थोड्यांसच ठाऊक असेल. या महोत्सवाच्या प्रसंगीं तें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें, याला कारण आहे. मुंबईकडील कित्येक देवमंदिरांत एकाच रविवारीं मराठी, कोंकणी, इंग्रजी, तामिळ अशा निरनिराळ्या भाषांतून मिस्सा होतात. एका मिस्सेचे लोक बाहेर पडतात तोंच दुसऱ्या मिस्सेचे आंत येतात, आणि पुष्कळांची परस्परांशीं ओळख त्या दारापुरतीच राहते. ज्यांची बोली आपणांस कळत नाहीं, ज्यांचीं तोंडें आपण पाहिलीं नाहींत, त्यांच्यासाठीं मनापासून प्रार्थना कशी करावी, हें ज्यांच्यापाशीं शिकावें असे पुरुष म्हणजे संत पॉलिकार्प होत.

स्मिर्ना हें बंदराचें शहर. आज तें तुर्कस्तानांत इज्मीर या नांवानें ओळखलें जातें. शहरांत ग्रीक भाषा चाले. आंतल्या मुलखांत फ्रिजियन लोकांची बोली निराळी, पूर्वेस सीरियाकडे अरामी, पश्चिमेस लॅटिन. पॉलिकार्प यांस प्रेषितांच्या सहवासाचा लाभ घडला होता, आणि प्रभूस प्रत्यक्ष पाहिलेल्या योहानाच्या आठवणी ते सांगत, अशी साक्ष त्यांस लहानपणीं ऐकलेले संत आयरेनेयस यांनीं लिहून ठेविली आहे.

ट्रेजन बादशहाच्या कारकीर्दींत अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशियस यांस बेड्या घालून रोमास नेलें जात होतें. वाटेंत स्मिर्ना येथें मुक्काम पडला. तेथून त्यांनीं चार ख्रिस्तसभांस पत्रें लिहिलीं, व आपल्यामागें मेंढपाळावांचून राहिलेल्या सीरियांतील ख्रिस्तसभेसाठीं प्रार्थना करावी अशी विनंति केली. पुढें त्रोवस बंदरीं असतां अंत्युखियास पुन्हां शांतता लाभल्याचें वर्तमान त्यांस कळलें. तेव्हां त्यांनीं पॉलिकार्प यांस कळविलें कीं, सभा भरवून एक विश्वासू मनुष्य निवडावा व त्यास सीरियास पाठवावें. प्रार्थना फळास आली म्हणजे काम संपलें असें त्या काळच्या लोकांस वाटत नसे. ज्यांच्यासाठीं प्रार्थना केली त्यांच्या दारीं जाऊन त्यांच्या आनंदाचे वांटेकरी व्हावयाचें, मग वाट शेंकडों कोसांची कां असेना! याच सुमारास इग्नेशियस यांनीं स्मिर्नाच्या लोकांस जें पत्र लिहिलें, त्यांत कॅथलिक ख्रिस्तसभा हे शब्द आले आहेत. उपलब्ध लिखाणांत ते तेथेंच प्रथम आढळतात.

इग्नेशियस यांस पुढें नेल्यावर मासेदोनियांतील फिलिप्पै येथील ख्रिस्ती लोकांनीं त्यांच्या पत्रांच्या प्रती मागितल्या. पॉलिकार्प यांनीं त्या पाठविल्या, व सोबत स्वतःचें पत्र दिलें. त्या गांवचे वालेन्स नांवाचे एक धर्मगुरु द्रव्यलोभामुळें आपल्या पदास मुकले होते. परगांवच्या भानगडीवर जीभ चालविणें किती सोपें! पॉलिकार्प यांनीं दुःख केलें, आणि त्यांस व त्यांच्या पत्नीस शत्रु न लेखतां, दुखावलेल्या अवयवांप्रमाणें परत आणावें असें सुचविलें. त्याच पत्रांत सर्व पवित्र जनांसाठीं, राजांसाठीं आणि छळ करणाऱ्यांसाठींही प्रार्थना करण्यास सांगितलें आहे. नवलाची गोष्ट अशी कीं, पत्र ग्रीक भाषेंतलें, पण प्रार्थनेचा हा भाग आज मूळ ग्रीकांत सांपडत नाहीं. तो लॅटिन भाषांतरांतच वांचला आहे. परक्या भाषेच्या बांधवांनीं जपला नसता, तर तो आम्हांस मिळालाच नसता.

सुमारें इ. स. १५४ मध्यें, वयाचीं ऐंशी वर्षें उलटून गेलीं असतां, ते रोमास गेले. तेथें पोप अनिसेटस यांच्याशीं पास्काच्या सणाविषयीं त्यांचें बोलणें झालें. आशियांतील ख्रिस्ती लोक यहुदी पंचांगांतील निसान महिन्याच्या १४ व्या तिथीस तो सण पाळीत, मग वार कोणताही असो. रोमाची रीत रविवारची. एकाचा आधार योहानाबरोबर पाळलेला सण, दुसऱ्याचा आधार आपल्या पूर्वींच्या वडीलधाऱ्यांची वहिवाट. कोणीच कोणाचें मन वळवूं शकलें नाहीं. तरी अनिसेटस यांनीं आदरानें पॉलिकार्प यांस आपल्या ख्रिस्तसभेंत ख्रिस्तयज्ञ अर्पण करूं दिला, आणि दोघांनीं शांतीनें निरोप घेतला. आमच्या मतें त्या दोघांच्याही चरित्रांतील ही फार कठीण गोष्ट होय.

परत आल्यावर थोड्याच काळांत, बहुतेक इ. स. १५५ किंवा १५६ सालीं, स्मिर्नांत छळ उसळला. पॉलिकार्प यांस धरा अशी क्रीडांगणांत जमलेल्या लोकांनीं ओरड केली. शहर सोडण्याचें त्यांच्या मनांत नव्हतें. मित्रांच्या आग्रहाखातर ते जवळच्या एका मळ्यांत जाऊन राहिले. तेथें रात्रंदिवस एकच काम चाले : सर्व माणसांसाठीं व जगांतील सर्व ख्रिस्तसभांसाठीं प्रार्थना. ही त्यांची नेहमींचीच रीत होती, असें हकीकत लिहिणारे सांगतात. हा लहानसा शेरा आम्हांस फार मोलाचा वाटतो. संकट आलें म्हणून ती प्रार्थना सुरू झाली नव्हती.

पुढें ते दुसऱ्या एका घरीं गेले. एका दास मुलाचा छळ करून शिपायांनीं त्या जागेचा पत्ता काढला, आणि शुक्रवारीं सायंकाळीं ते हत्यारें घेऊन निघाले. पळून जातां आलें असतें, पण पॉलिकार्प माडीवरून खालीं उतरले, शिपायांशीं बोलले, त्यांस खाऊंपिऊं घालण्यास सांगितलें, आणि स्वतःसाठीं एक तास प्रार्थनेस मागून घेतला. ते उभे राहिले, आणि दोन तास थांबलेच नाहींत. आयुष्यांत भेटलेल्या प्रत्येकाची, लहानाची व थोराची, नामांकिताची व अप्रसिद्धाची, त्यांनीं आठवण केली. तशीच जगभर पसरलेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेची. अशा वृद्धास धरावयास आपण आलों, याचा ऐकणाऱ्या शिपायांपैकीं कित्येकांस पश्चात्ताप झाला. कोणाकोणाचीं नांवें त्या दोन तासांत आलीं हें लिहिलेलें नाहीं. पण वालेन्स आणि अनिसेटस त्यांत नसतील असें आम्हांस वाटत नाहीं.

मग गाढवावर बसवून त्यांस शहरांत नेलें. ख्रिस्ताची निंदा कर, म्हणजे सुटशील, असें सुभेदारानें पुनःपुन्हां बजाविलें. शहाऐंशीं वर्षें ज्याची सेवा केली त्या राजाची निंदा त्यांच्यानें होईना. त्यांस चितेवर चढविलें, आणि अग्नीनें काम होईना तेव्हां खंजिरानें त्यांचा प्राण घेतला.

ही हकीकत स्मिर्नाच्या ख्रिस्तसभेनें फ्रिजियांतील फिलोमेलियम येथील बांधवांस व सर्व ठिकाणच्या ख्रिस्तसभांस उद्देशून लिहिली, आणि वाचून झाल्यावर पत्र पुढच्या बांधवांकडे धाडावें असें सुचविलें. आयरेनेयस पुढें गॉल देशांत ल्योन येथें बिशप झाले. केल्ट लोकांत राहून त्यांचीच बोली आपणांस बोलावी लागते, असें ते लिहितात. त्यांच्या कागदांत हें पत्र होतें. त्यावरून गायस यांनीं प्रत केली. गायस यांच्या प्रतीवरून सॉक्रेटिस नांवाच्या बांधवानें करिंथ येथें. आणि पुष्कळ काळानें ती जुनी प्रत जवळजवळ झिजून गेली असतां पायोनियस नांवाच्या बांधवानें ती हुडकून काढून पुन्हां उतरून घेतली.