नियमाचा अपवाद आणि रोबेर्तो क्लेमेन्ते

न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या लहानशा गावी बेसबॉलचे कीर्तिमंदिर उभे आहे. ‘हॉल ऑफ फेम’ या नावाने ते ओळखले जाते. १९३६ साली तेथील मानाच्या पहिल्या पाच खेळाडूंची निवड झाली आणि १९३९ साली वास्तू लोकांसाठी खुली झाली. तेथे स्थान मिळणे सोपे नाही. खेळाडू किमान दहा हंगाम खेळलेला असावा, त्याच्या निवृत्तीला पूर्ण पाच वर्षे झालेली असावीत आणि मतदान करणाऱ्या क्रीडालेखकांपैकी ७५ टक्क्यांचा कौल त्याच्या बाजूने पडावा, अशा अटी आहेत. पाच वर्षांच्या प्रतीक्षेची अट १९५४ सालची. २० मार्च १९७३ रोजी रोबेर्तो क्लेमेन्ते याची निवड जाहीर झाली, तेव्हा ही अट बाजूला ठेवण्यात आली होती. त्याच्या मृत्यूला त्या दिवशी जेमतेम अकरा आठवडे झाले होते. हा मान त्याच्या गुणांना मिळाला की त्याच्या मरणाला, हा प्रश्न त्यामुळे साहजिकच उभा राहतो. त्याच्या आयुष्याचा पट पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

क्लेमेन्तेचा जन्म १८ ऑगस्ट १९३४ रोजी पोर्तो रिको बेटावरील कारोलिना या गावी झाला. वडील मेल्चोर क्लेमेन्ते उसाच्या मळ्यावर मुकादम होते. आई लुईसा वॉकर यांच्या सात मुलांत रोबेर्तो सर्वांत धाकटा. पोर्तो रिको अमेरिकेच्या अमलाखालील बेट. तेथील माणूस अमेरिकेचा नागरिक, परंतु त्याची भाषा स्पॅनिश. क्लेमेन्तेचा वर्ण काळा होता. अमेरिकेत पाऊल ठेवताच एकाच वेळी दोन प्रकारचे परकेपण त्याच्या वाट्याला यावयाचे होते. सान्तुर्से या स्थानिक संघाकडून तो अठराव्या वर्षी खेळू लागला आणि १९५४ च्या फेब्रुवारीत ब्रुकलिन डॉजर्स या नामवंत संघाने त्याच्याशी करार केला. १०,००० डॉलर बक्षिसी आणि ५,००० डॉलर वार्षिक वेतन, असा हा करार होता.

या कराराची पुढील कहाणी अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही उद्बोधक आहे. धनाढ्य संघांनी उमद्या तरुणांना पैशाच्या बळावर साठवून ठेवू नये, यासाठी त्या काळी एक नियम होता. ४,००० डॉलरहून अधिक बक्षिसी दिलेल्या नवख्या खेळाडूला संघाने दोन वर्षे मुख्य संघात ठेवावे, अन्यथा हंगामाअखेर इतर संघांना त्याला उचलण्याची मुभा असे. ब्रुकलिनने क्लेमेन्तेला मुख्य संघात न घेता माँट्रियल येथील आपल्या दुय्यम संघात पाठवले आणि तेथे त्याला फारच थोडी संधी मिळाली. १९५४ च्या हंगामात तळाशी राहिलेल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाला निवडीचा पहिला अधिकार होता. त्या नोव्हेंबरात त्यांनी अवघ्या ४,००० डॉलरना क्लेमेन्तेला आपल्याकडे घेतले. साठेबाजीला आळा घालणारा नियम येथे नेमका उपयोगी पडला आणि ज्या मालाची किंमत धन्यालाही पुरती उमगली नव्हती, तो दुसऱ्याच्या पदरात पडला. १७ एप्रिल १९५५ रोजी क्लेमेन्ते पिट्सबर्गकडून प्रथम मैदानात उतरला. त्यानंतर अठरा हंगाम, मृत्यूपर्यंत, त्याने दुसरा संघ पाहिला नाही.

पहिली वर्षे खडतर होती. हंगामापूर्वीच्या सरावासाठी संघ फ्लोरिडात जाई. तेथे वर्णभेदाचे कायदे जारी असल्याने काळ्या खेळाडूंना गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलात राहता येत नसे, त्यांच्या पंक्तीस जेवताही येत नसे. वृत्तपत्रांचे वागणेही उदारपणाचे नव्हते. त्याचे मोडकेतोडके इंग्रजी उच्चाराबरहुकूम छापून त्याची टर उडवली जाई. रोबेर्तो हे नाव जड वाटते म्हणून परस्पर त्याचा बॉब करण्यात आला आणि खेळाडूंच्या छापील चित्रपत्त्यांवरही पुढे कित्येक वर्षे हेच नाव झळकत राहिले. १९५४ च्या अखेरीस झालेल्या मोटार अपघातापासून त्याला पाठीचे दुखणे जडले होते. त्याने वेदनेची तक्रार केली की तो आजाराचे सोंग करतो, अशी कुजबुज होई. पुढे ज्यांनी त्याच्यासाठी नियम बाजूला ठेवला तेही क्रीडालेखकच होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

१९६० साली पिट्सबर्गने बलाढ्य न्यूयॉर्क यँकीजला सात सामन्यांच्या अंतिम मालिकेत, म्हणजे वर्ल्ड सीरीजमध्ये, पराभूत केले. सातही सामन्यांत क्लेमेन्तेच्या बॅटीतून यशस्वी फटका निघाला होता. तथापि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरवण्यासाठी लेखकांनी जे मतदान केले, त्यात त्याचा क्रमांक आठवा लागला. हा सल त्याच्या मनात दीर्घकाळ राहिला. परंतु त्याने या अन्यायाचे उत्तर मैदानावर दिले. १९६१, १९६४, १९६५ आणि १९६७ अशा चार वर्षी नॅशनल लीगमध्ये फलंदाजीची सर्वोच्च सरासरी त्याची होती. १९६६ साली सर्वोत्तम खेळाडूचा मान अखेर त्याच्याकडे आला. मैदानाची उजवी बाजू राखताना त्याने दूरवरून अचूक फेक करून इतके धावपटू बाद केले की, १९६१ ते १९७२ या बाराही वर्षी क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ पुरस्कार त्याच्याकडेच राहिला. बेसबॉलमध्ये दहा संधींत तीनदा यशस्वी फटका मारणारा फलंदाज उत्तम समजला जातो. क्लेमेन्तेची संपूर्ण कारकिर्दीची सरासरी हजार संधींमागे ३१७ फटक्यांची आहे. क्रिकेटच्या आकड्यांची सवय असलेल्या वाचकाला हे प्रमाण अल्प वाटेल, पण अठरा हंगाम ते टिकवणे मोजक्यांनाच साधले आहे.

१९७१ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्याने बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्धच्या वर्ल्ड सीरीजमध्ये पुन्हा सातही सामन्यांत फटके मारले. त्याची सरासरी हजारी ४१४ इतकी होती. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवला गेलेला तो पहिलाच लॅटिन अमेरिकन. विजयानंतर दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर त्याने इंग्रजीत बोलण्याआधी स्पॅनिशमध्ये आपल्या आईवडिलांचे आशीर्वाद मागितले. ज्या भाषेमुळे त्याची टवाळी झाली, तीच त्याने साऱ्या अमेरिकेला ऐकवली. पुढील वर्षी, ३० सप्टेंबर १९७२ रोजी, त्याने कारकिर्दीतला ३,००० वा फटका मारला. तोवर हा पल्ला केवळ दहा जणांनी गाठला होता. नियमित हंगामातील तो त्याचा शेवटचा फटका ठरला.

त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात पोर्तो रिकोच्या हौशी संघाचा व्यवस्थापक म्हणून तो निकाराग्वात गेला होता. २३ डिसेंबर रोजी निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. क्लेमेन्तेने सान हुआन येथे मदतकार्याचे नेतृत्व पत्करले. पैसा, अन्न आणि औषधे गोळा केली. पाठवलेली मदत सोमोझा राजवटीचे सैनिक वाटेतच हडप करीत असल्याच्या वार्ता येऊ लागल्या. आपण जातीने हजर राहिल्यास मदत गरजूंपर्यंत पोहोचेल, या विश्वासाने ३१ डिसेंबरच्या रात्री तो स्वतः विमानात बसला. विमान जुने होते आणि त्यात मर्यादेपेक्षा सुमारे १,९०० किलो अधिक माल भरलेला होता. उड्डाणानंतर थोड्याच वेळात ते समुद्रात कोसळले. विमानातील पाचही जण दगावले. क्लेमेन्तेचा मृतदेह हाती लागलाच नाही. मागे पत्नी व्हेरा आणि तीन लहान मुले राहिली. तो अवघ्या ३८ वर्षांचा होता.

या पार्श्वभूमीवर लेखकांच्या संघटनेने विशेष मतदान घेतले. ४२४ पैकी ३९३ मते अनुकूल पडली; २९ जणांनी विरोध केला आणि दोघे तटस्थ राहिले. विरोधकांच्या भूमिकेत तथ्य नव्हते असे नव्हे. प्रतीक्षेचा नियम सुज्ञपणाचा आहे. टाळ्यांचा गजर विरल्यावर गुणांची पारख अधिक नीट होते, निवृत्त खेळाडू पुन्हा मैदानात उतरण्याचाही संभव असतो आणि भावनेच्या भरात एकदा बहाल केलेला मान परत घेता येत नाही. मरण कितीही उदात्त असले तरी ते फलंदाजीचा पुरावा होऊ शकत नाही, हा युक्तिवादही बिनतोड आहे. एकासाठी नियम वाकवला की उद्या दुसऱ्या कोणासाठी तो वाकवण्याचा आग्रह धरला जाईल, ही भीतीही रास्त होती.

परंतु नियमाचे पालन आणि नियमाच्या हेतूचे पालन या दोन गोष्टी दरवेळी एक नसतात. पाच वर्षांच्या प्रतीक्षेतून जे साध्य करावयाचे, ते क्लेमेन्तेच्या बाबतीत आधीच साध्य झाले होते. त्याचा हिशेब कायमचा मिटला होता. त्यात जमेस किंवा खर्चास काहीही पडण्याची शक्यता उरली नव्हती. चार वेळा सर्वोच्च सरासरी, बारा वेळा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार आणि ३,००० फटके, ही जमा त्या विमानात बसण्यापूर्वीचीच होती. पाच वर्षे थांबून या आकड्यांत एकाचीही भर पडली नसती आणि एकही कमी झाला नसता. त्याच्या मृत्यूने पात्रता निर्माण केली नाही. प्रतीक्षेचे प्रयोजन मात्र संपवले. शिवाय कीर्तिमंदिराच्या नियमांत खेळाबरोबरच सचोटी आणि चारित्र्य यांचाही विचार करावा, असे पूर्वीपासूनच नमूद होते. त्या कसोटीवर तर मानाग्वाचा प्रवास वगळणे हाच नियमभंग ठरला असता.

पूर्वीचाही एक दाखला होता. असाध्य व्याधीमुळे खेळ सोडावा लागलेल्या लू गेरिग याची १९३९ च्या अखेरीस अशीच तातडीने निवड झाली होती. मात्र क्लेमेन्तेच्या वेळी संघटना एवढ्यावरच थांबली नाही. खेळत असताना अथवा निवृत्तीनंतर पाच वर्षांच्या आत मृत्यू पावलेला खेळाडू, इतर अटी पूर्ण करीत असल्यास, मृत्यूनंतर सहा महिन्यांनी विचारार्थ घेता येईल, अशी दुरुस्ती नियमांतच करण्यात आली. मर्जीने दिलेली सवलत पक्षपात ठरते. तीच सर्वांना लागू होईल अशा शब्दांत लिहिली की न्याय ठरते. विरोधकांच्या रास्त भीतीला हे योग्य उत्तर होते.

६ ऑगस्ट १९७३ रोजी कूपर्सटाउन येथे प्रवेशसोहळा झाला आणि कीर्तिमंदिरातील पहिला लॅटिन अमेरिकन खेळाडू म्हणून क्लेमेन्तेची नोंद झाली. समाजकार्यात अग्रेसर असलेल्या बेसबॉलपटूला दरवर्षी दिला जाणारा पुरस्कारही त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. परंतु त्याच्या स्मृतिफलकावर रोबेर्तो वॉकर क्लेमेन्ते असे नाव कोरले गेले. स्पॅनिश रिवाजानुसार वडिलांचे आडनाव आधी आणि आईचे नंतर येते. त्याचे योग्य नाव रोबेर्तो क्लेमेन्ते वॉकर होते. ही चूक २००० साली नवा फलक लावून सुधारण्यात आली. त्याची निवड अकरा आठवड्यांत झाली, त्याचे नाव मात्र बिनचूक लिहिले जाण्यास सत्तावीस वर्षे लागली. १९७३ साली घाई झाली की काय, याची चर्चा करणाऱ्यांनी या दोन कालावधींची तुलना अवश्य करावी. क्लेमेन्तेच्या बाबतीत झालेला खरा दोष दिरंगाईचा होता आणि तो त्याच्या हयातीतच, त्याचे नाव परस्पर बदलण्यापासून सुरू झाला होता.