सालीम अलींचं वटवाघूळ

आमच्या वरंधकडे वटवाघूळ म्हटलं की म्हातारी माणसं तोंड फिरवतात. त्यामुळे पक्षितज्ज्ञ डॉ. सालीम अलींचं नाव एका वटवाघळाला दिलंय हे वाचून मी चाटच पडलो.

सालीम अली १८९६ मध्ये मुंबईत जन्मले. विद्यापीठाची पदवी नव्हती म्हणून सरकारी नोकरी हुकली. बेकारीतच १९३० मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला नि नाव कमावलं. पुढचं आयुष्य बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला दिलं.

याच सोसायटीच्या संग्रहात, १९४८ मध्ये तामिळनाडूच्या डोंगरात मिळालेलं एक वटवाघूळ भलत्याच जातीच्या नावाने पडून होतं. थायलंडच्या किट्टी थाँगलाँग्यांनी त्याचे दात तपासले. जात नवीच निघाली! १९७२ मध्ये तिला सालीम अलींचं नाव मिळालं. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या वन्यजीव कायद्याने फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी ठरवली. या जातीला संरक्षण मिळालं ते बऱ्याच वर्षांनी. तोवर, १९८७ मध्ये, सालीम अली गेले होते.

तेव्हा मित्रांनो, सुट्टीत गावी गेलात की झाडावरच्या वाघळांना दगड मारू नका. रानात लांबवर बिया नेऊन टाकणारी तीच!