बास्केटबॉलचा शोध लावला, पण कोच म्हणून हरले जास्त!

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाची बास्केटबॉल टीम जगात नावाजलेली. या टीमच्या इतिहासात जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरलेला कोच एकच, आणि तोच या खेळाचा जनक! डॉ. जेम्स नायस्मिथ.

जन्म १८६१ चा, कॅनडातला. लहानपणीच आई-वडील टायफॉईडने गेले. मामाच्या शेतावर राबत वाढले. शाळा मध्येच सोडून जंगलात लाकूडतोडीला गेले, मग पुन्हा पुस्तक हाती धरलं.

डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावात ते व्यायामाचे मास्तर होते. बाहेर कडाक्याची थंडी, आत त्याच त्या कवायतीला वैतागलेली १८ दांडगी पोरं. साहेबांनी फर्मान काढलं, चौदा दिवसांत आत खेळता येईल असा नवा खेळ काढा. नायस्मिथांनी शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच फळाच्या टोपल्या होत्या. त्याच दहा फुटांवर ठोकल्या, १३ नियम लिहून भिंतीला लावले आणि फुटबॉल घेऊन डाव सुरू! टोपलीला बूड तसंच होतं. बॉल आत पडला की काढायला शिडी लागायची. पहिल्या सामन्यात गोल झाला फक्त एक.

१८९८ मध्ये डॉक्टरकीची पदवी घेऊन ते कॅन्ससला आले. तिथं व्यायाम शिकवला, टीम उभी केली, पुढं क्रीडा संचालकही झाले. १९०७ पर्यंत ५५ सामने जिंकले, ६० हरले. डावपेचांत त्यांना फारसा रस नव्हताच. पोरांची शरीरं घडावीत, एवढंच बघायचे. त्यांच्यानंतर टीम हाती घेतली ती त्यांचाच चेला फॉग ॲलन याने, आणि त्याने मात्र विजयांचा ढीग लावला.

१९३३ मध्ये जॉन मॅकलेंडन हा काळा विद्यार्थी कॅन्ससला आला. रंगामुळे त्याला कॉलेजच्या टीममध्ये जागा नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या नायस्मिथांनी त्याला जवळ केलं, कोचिंगच्या वाटेला लावलं. पुढं मॅकलेंडनच्या टीमने १९५७ ते १९५९ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं मारली.

१९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल आला. कोच मंडळींनी वर्गणी काढून म्हाताऱ्याला तिथं पाठवलं. फायनल उघड्या मैदानावर, भर पावसात, चिखलात झाली. अमेरिकेने कॅनडाला १९-८ ने हरवलं.

खेळ जगभर गेला, पण त्यांनी त्यावर पैसा कमावला नाही. २८ नोव्हेंबर १९३९ ला ते गेले. कॅन्सस विद्यापीठाच्या भव्य स्टेडियमला आज चेल्याचं, ॲलनचं नाव आहे. आतल्या कोर्टाला नायस्मिथांचं.