पाठमोऱ्या माणसाचं ते चित्र सगळ्यांनी पाहिलंय, पण ते काढणारा चित्रकार विस्मरणात गेला होता

कड्यावर गडद हिरवा कोट घातलेला एक माणूस उभा आहे. पाठ आपल्याकडे, समोर नुसतं धुकं. पुस्तकांच्या मुखपृष्ठांपासून मीमपर्यंत हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असतंच.

हे चित्र काढलं जर्मन चित्रकार कास्पर डेव्हिड फ्रीडरिख याने, साधारण १८१८ मध्ये.

त्याचा जन्म ५ सप्टेंबर १७७४ चा, बाल्टिक समुद्राजवळच्या ग्राइफ्सवाल्डचा. वडील मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. तो ६ वर्षांचा असताना आई गेली. १७८७ मध्ये त्याच्या डोळ्यांदेखत लहान भाऊ पाण्यात बुडाला. बर्फ फुटला आणि कास्परला वाचवताना भावाचा जीव गेला, असं सांगितलं जातं.

पुढे कोपनहेगनच्या अकादमीत शिकून १७९८ मध्ये तो ड्रेस्डेनला आला आणि तिथलाच झाला.

त्या काळी निसर्गचित्राला फारसा मान नव्हता. मोठी चित्रं म्हणजे देवादिकांची आणि इतिहासाची. फ्रीडरिखने मात्र डोंगर, झाडं आणि शिखरावरचा क्रूस काढून ते चित्र थेट वेदीसाठीचं धार्मिक चित्र म्हणून मांडलं. झालं, वाद पेटला! निसर्गचित्राने वेदीवर चढायचंच कसं, असं म्हणत रामडोर नावाच्या समीक्षकाने १८०९ मध्ये जोरदार टीका केली.

पण या वादाने त्याचं नाव सगळीकडे झालं. १८१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात त्याची दोन चित्रं लागली. एकात अथांग समुद्रापुढे एकटा साधू, दुसऱ्यात ओकच्या झाडांमधला पडका मठ. दोन्ही थेट प्रशियाच्या राजाने विकत घेतली.

१८१८ मध्ये कॅरोलिन बोमरशी त्याचं लग्न झालं. पण काही वर्षांतच लोकांची आवड बदलली. १८२३-२४ मध्ये त्याने बर्फाच्या अजस्र लाद्यांखाली चिरडलेलं जहाज रंगवलं. काही अभ्यासक या बर्फाचा संबंध त्याच्या भावाच्या मृत्यूशी जोडतात. आज हे त्याच्या सर्वोत्तम चित्रांपैकी एक मानलं जातं, पण त्याच्या हयातीत ते विकलंच गेलं नाही.

ड्रेस्डेनच्या अकादमीत निसर्गचित्र शिकवण्याची जागा रिकामी झाली, तीही त्याला मिळाली नाही. १८३५ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि तैलरंगात काम करणं अवघड झालं. ७ मे १८४० रोजी तो गेला, तेव्हा जग त्याला जवळपास विसरलं होतं.

१९०६ मध्ये बर्लिनच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रं पुन्हा भिंतीवर लागली आणि लोक नव्याने थबकले. पुढे नाझींनी त्याला आपल्या प्रचारात ओढलं, त्यामुळे युद्धानंतर काही काळ लोक त्याच्या नावापासून लांबच राहिले. हा डाग पुसायला बरीच वर्षं गेली.

२०२४ मध्ये त्याच्या जन्माला २५० वर्षं झाली, तेव्हा हॅम्बुर्ग, बर्लिन आणि ड्रेस्डेनमध्ये त्याची मोठी प्रदर्शनं भरली. धुक्यासमोरचा तो माणूस आजही हॅम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. चेहरा दिसत नाही, म्हणूनच त्याच्या जागी कुणालाही उभं राहता येतं.