रक्तक्षयाचे मूळ शोधणाऱ्या डॉ. लूसी विल्स

रक्तदोषाने पीडित बालकास दुसऱ्याची अस्थिमज्जा देऊन बरे करता येते, हे आज आपण ऐकतो. मज्जेत रक्त कसे घडते, हे जाणण्याच्या वाटेवरील एक मोठा टप्पा आपल्या मुंबईत गाठला गेला. तो गाठणाऱ्या विदुषी म्हणजे डॉ. लूसी विल्स.

बाईंचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिज येथे वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचे अध्ययन त्यांनी १९११ साली पुरे केले. परंतु तेथे त्या काळी स्त्रियांस पदवी देत नसत. पुढे त्या वैद्यकाकडे वळल्या व १९२० साली लंडन येथे डॉक्टर झाल्या.

१९२८ साली त्या परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. ज्या गिरण्यांत आपल्या खानदेशचाही कापूस जाई, तेथील कष्टकरी स्त्रियांस गरोदरपणी एक घातक पांडुरोग जडत असे. रक्तातील तांबड्या पेशी घटत, व उरलेल्या अवाजवी मोठ्या होत. निरनिराळ्या वर्गांतील स्त्रियांचा आहार बाईंनी तपासला, तेव्हा ज्यांचे अन्न सर्वांत निकस, त्यांसच हा रोग अधिक, असे आढळले. मग उंदीर व माकडे यांवर प्रयोग करून त्यांनी यीस्टचा स्वस्त अर्क रुग्णांस दिला. स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली हा शोध प्रसिद्ध झाला.

अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, हे तेव्हा अज्ञात होते. त्यास विल्स घटक म्हणत. १९४१ साली तेच द्रव्य पालकाच्या पानांतून निराळे काढण्यात आले व फॉलिक आम्ल हे नाव पावले. नव्या पेशी विभागून वाढण्यास ते अवश्य असते. आणि मज्जेत तर हे कार्य अहोरात्र चालते. यावरूनच बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी, आंध्रातील यल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या प्रयोगशाळेतील फॉलिक आम्लविरोधी औषध रक्तकर्करोगाच्या मुलांस दिले. १९४८ साली त्यांनी दाखविले की, रोग काही काळ हटतो. तो पुन्हा उलटत असे. म्हणून निरोगी मज्जाच देण्याचे प्रयत्न पुढे झाले. मार्च १९८३ मध्ये, त्याच परळमधील टाटा स्मारक रुग्णालयात, नऊ वर्षांच्या एका मुलीस तिच्या भावाची मज्जा देण्यात आली. आपल्या सातपुड्यातील भिल्ल व पावरा मुलांत आढळणारा सिकलसेलही याच उपायाने बरा होऊ शकतो. मात्र जुळणारा दाता व मोठा खर्च या अडचणी आहेत.

बाई १६ एप्रिल १९६४ रोजी निवर्तल्या. सरकारी दवाखान्यांत गर्भवती भगिनींस लोहाबरोबर जे फॉलिक आम्ल मिळते, ते त्यांच्याच शोधाचे फळ होय. पालकांस विनंती की, ती गोळी फडताळात पडून राहू देऊ नये, आणि मुलांच्या ताटात पालेभाजी नित्य असावी.